नकाराची नोंद

सोमवारी संध्याकाळी सुरत-भुसावळ मार्गावरच्या गाड्यांतून अमळनेर स्टेशनावर उतरणाऱ्यांत बरेच जण मंगळग्रह मंदिरासाठी आलेले असतात. कुणाच्या मुलीच्या पत्रिकेत मंगळ असतो, कुणाचं लग्न अडलेलं असतं. मंगळवारी पहाटे अभिषेकाला उभं राहायचं तर रात्रीचा मुक्काम गावातच हवा. लॉज आहेत, पण म्हातारी आई आणि लेकरं सोबत असली की माणसाला घर बरं वाटतं. माझ्या वहिनीने वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या एका अॅपवर टाकल्या, त्या या गर्दीच्या भरवशावर. जिना वेगळा, न्हाणीघर वेगळं, सकाळी चहा-पोहे, आधी सांगितलं तर रात्री शेवभाजी आणि कळण्याची भाकरी. खाली आम्ही सगळे राहतो.

मागे आमच्या भावकीतले एक काका गेले. ते गल्लीच्या दुसऱ्या टोकाला राहायचे, पण सुतक साऱ्या भावकीला आलं. त्या दहा दिवसांत मुक्कामासाठी विनंत्या येतच राहिल्या, आणि त्या बहुतेक पूजेला येणाऱ्यांच्या. सुतकातल्या घरी उतरून पहाटे अभिषेकाला बसायचं, हे त्या लोकांनाही चाललं नसतं. वहिनीने प्रत्येक वेळी नकार कळवला. नकाराचं बटण दाबलं की कारणांची यादी उघडायची. तारखा मोकळ्या नाहीत, दर जुळत नाही, पाहुण्यांची संख्या जास्त आहे, असं बरंच त्यात होतं. सुतक कुठे बसवायचं ते तिला कळेना, म्हणून ती ‘इतर’वर बोट ठेवायची. आधी ठरलेलं एक बुकिंग तिला मोडावंही लागलं. त्याचा दंड पुढच्या पैशांतून वळता झाला. मग निरोप आला की तुमचं विनंत्या स्वीकारण्याचं प्रमाण घसरलं आहे, आणि आमच्या खोल्या यादीत खाली खाली गेल्या. तो निरोप मला दाखवताना वहिनी एवढंच म्हणाली, “आमनं घर शे भाऊ, लॉज नही.”

तिचं दुःख खरं होतं. तरीही त्या नियमाला सरसकट जुलमी म्हणायला माझं मन धजत नाही, कारण या देशात मुक्कामाला जागा नाकारण्याचा इतिहास मला ठाऊक आहे.

१९१७ साली परदेशातून शिकून आलेले डॉ. आंबेडकर नोकरीसाठी बडोद्याला गेले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळेना. शेवटी पारशी नाव सांगून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. खरी जात कळल्यावर लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना तिथून बाहेर काढलं. आणि आमच्याच जळगाव जिल्ह्यातल्या चाळीसगावची १९२९ सालची गोष्ट. बाबासाहेब स्टेशनावर उतरले, वस्तीतली माणसं त्यांना न्यायला आली होती, पण अस्पृश्यासाठी टांगा हाकायला टांगेवाले राजी होईनात. अखेर टांगा भाड्याने घेतला आणि हाकायला वस्तीतलाच, सवय नसलेला माणूस बसवला. नदीवरच्या पुलाजवळ चाक अडकलं, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. पुढे त्यांनीच हे लिहून ठेवलं. त्या टांगेवाल्यांनी कुणाला शिवीही दिली नव्हती. त्यांनी फक्त नकार दिला होता.

नाव पाहून खोली नाकारणं बडोद्याबरोबर संपलेलं नाही. २०१५ साली हार्वर्डच्या संशोधकांनी अमेरिकेतल्या पाच शहरांत एअरबीएनबीच्या सुमारे ६,४०० यजमानांना मुक्कामाच्या विनंत्या पाठवल्या. मजकूर सारखाच, फरक फक्त नावांत. ज्या विनंत्यांखाली कृष्णवर्णीयांत आढळणारी नावं होती, त्यांना होकार मिळण्याची शक्यता १६ टक्क्यांनी कमी निघाली. मोठा गदारोळ झाला, आणि २०१६ साली कंपनीने भेदभावाविरुद्धचे नियम कडक केले. २०१८ पासून पाहुण्याचा फोटो यजमानाला होकार दिल्यानंतरच दिसू लागला.

वहिनीच्या खोल्या ज्या अॅपवर आहेत ते एअरबीएनबी नव्हे. पण या धंद्यातल्या मोठ्या कंपनीचे नियम पाहिले की बाकीच्यांची घडणही उमगते. तिथे ‘सुपरहोस्ट’ हा मान हवा तर ९० टक्के निरोपांना चोवीस तासांत उत्तर द्यावं लागतं आणि स्वतःहून मोडलेली बुकिंगं एक टक्क्याच्या आत ठेवावी लागतात. यजमानाने बुकिंग मोडलं तर २०२२ पासून रकमेच्या १० ते ५० टक्के दंड आहे. मुक्काम जितका जवळ आलेला, तितका तो जास्त. हाताबाहेरचं कारण कागदपत्रांनिशी दाखवलं तर तो माफ होऊ शकतो. आता आमच्या काकांच्या मृत्यूचा दाखला नगरपरिषदेतून मिळेपर्यंत दहावं होऊन जातं. आणि मिळाला तरी त्यावर नाव दुसऱ्याचं, पत्ता दुसऱ्या घराचा. त्या मरणाचं सुतक आमच्या उंबऱ्याला का लागतं, हे कोणत्या कागदाने सिद्ध करायचं?

या सगळ्यात २०१६ चाच एक नियम मला फार न्यायाचा वाटतो. त्या तारखांना जागा नाही असं सांगून यजमानाने कुणाला नाकारलं, तर त्या तारखा इतरांसाठीही बंद होतात. दुसऱ्या कुणाला ती खोली देता येत नाही. हा नियम नकाराबद्दल शिक्षा करत नाही, दिलेल्या शब्दाला माणसाला बांधून ठेवतो. चाळीसगावच्या टांगेवाल्याला याच मापाने मोजलं असतं तर तो तिथल्या तिथे सापडला असता, कारण पुढच्या गिऱ्हाइकासाठी तो टांगा हाकणारच होता. सुतकातली वहिनीही याच मापाने सुटली असती. तिची खोली त्या दहा दिवसांत कुणालाच मिळणार नव्हती. दार सगळ्यांना बंद आहे की समोर उभ्या असलेल्या एकालाच, हे पाहायला हवं. टक्केवारीला ते दिसत नाही.

हे मी दुरून म्हणत नाही. एका संध्याकाळी फोनवर एक मुसलमान नाव आलं. कारखान्यात यंत्र बसवायला आलेला तरुण, दोन रात्री राहणार होता. दादाने नाव वाचलं आणि म्हणाला, “नको सांग.” खोल्या रिकाम्या होत्या. थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मग वहिनी म्हणाली, “मंगळवारवाले येतात, त्यांची जात आपण कधी विचारली?” आणि तिने होकार कळवला. तो मुलगा राहिला, जाताना आईला नमस्कार करून गेला. पण समजा तिने दादाचं ऐकलं असतं, तर अॅपच्या हिशेबात तो नकार आणि सुतकातला नकार एकाच रकान्यात, एकाच वजनाचे पडले असते.

राज्यघटनेचं कलम १५ दुकानं, उपाहारगृहं आणि हॉटेलांत धर्म, जात, लिंग, जन्मस्थान यावरून कुणाला अडवू देत नाही. रिक्षावाल्याने भाडं नाकारलं तर मोटार वाहन कायद्याने तो गुन्हा आहे. घराला मात्र आपण नेहमी यातून वेगळं ठेवत आलो. पण पैसे घेऊन, जाहिरात करून खोली दिली की ते घर थोडं हॉटेलही होतं, आणि वहिनीनेही हे मान्य करायला हवं असं मला वाटतं. साने गुरुजींनी १९२४ ते १९३० या काळात याच गावात प्रताप हायस्कूलमध्ये शिकवलं, इथल्या छात्रालयातली पोरं सांभाळली. पुढे १९४७ साली पंढरपूरचं दार सर्वांना उघडावं म्हणून त्यांनी उपोषणात प्राण पणाला लावले. त्यांच्या गावात राहून ‘माझं घर, माझी मर्जी’ हे मला म्हणवत नाही.

दारू पिऊन धिंगाणा घालणाऱ्यांना नाही म्हणण्याचा हक्क मात्र वहिनीला हवाच. खालच्या मजल्यावर माझी पुतणी बारावीचा अभ्यास करत बसलेली असते. तो नकार वागण्याला असतो, आणि त्याचं कारण चारचौघांत सांगता येतं. पण कंपन्याही कुठे एका मापाने चालतात? जानेवारी २०२५ मध्ये ओयोने मेरठमधल्या आपल्या हॉटेलांना अविवाहित जोडप्यांना नाकारण्याची मुभा दिली. दोन सज्ञान माणसांनी एका खोलीत राहण्याला कायद्याची बंदी नाही, असं मद्रास उच्च न्यायालयाने २०१९ मध्येच म्हटलेलं होतं. म्हणजे धंद्याला सोयीचा असेल तेव्हा नकार चालतो, आणि भावकीत माणूस गेलेलं असताना चालत नाही.

वहिनीने कंपनीला सगळं लिहून कळवलं. उत्तर लगेच आलं, इंग्रजीत आणि ठरावीक मजकुराचं. तिने पुन्हा मराठीत लिहिलं, काकांच्या दहाव्याचा कागद जोडला. पुन्हा तेच उत्तर. आता ती अंदाज घेऊन तारखा आधीच बंद करून ठेवते. वैशाखात संत सखाराम महाराजांच्या यात्रेला आमचेच पाहुणे इतके येतात की तेव्हा हे सोपं जातं. मरण आणि आजारपण आधी कळवून येत नाही, त्याला तिच्याकडे उपाय नाही. या कंपन्यांना इथे धंदा करायचा आहे, तर प्रत्येक जिल्ह्यासाठी मराठी वाचणारा एक माणूस त्यांनी नेमावा. वारंवार नकार देणाऱ्या यजमानाला त्याने फोन करावा, कारण विचारावं आणि त्या तारखांना ती खोली दुसऱ्या कुणाला दिली गेली का, एवढं तपासून मगच दंड लावावा. ती नोंद त्यांच्याकडे आधीपासून असतेच.