मनाची शुश्रूषा व तिचा जमाखर्च

खर्च थोडा झाला म्हणजे तो काटकसरीचा झाला, असें समजण्याचा प्रघात फार जुना आहे. वस्तुतः ज्या खर्चाचें फळ पदरांत पडत नाहीं, तो एका पैचा असला तरी उधळपट्टीच होय. हा विचार आमच्या मनांत येण्यास निमित्त झालें तें हल्लीं कचेऱ्यांतून नोकरवर्गास मिळणाऱ्या एका नव्या सोयीचें. मन उदास किंवा व्याकुळ झालें असतां मोबाईलवरील अॅप उघडावें, त्यानें विचारलेल्या प्रश्नांचीं उत्तरें द्यावीं आणि श्वसनाचे व विचारशोधनाचे धडे गिरवावे, अशी ही योजना आहे.

हें सारें थोतांड आहे असें म्हणणाऱ्यांपैकीं आम्ही नव्हे. मनोव्यथा ही खरोखरच व्याधि आहे. खिन्नता व चिंता या दोन विकारांमुळें जगांत दरवर्षीं सुमारें १२०० कोटी कामाचे दिवस वायां जातात आणि सुमारें १ लक्ष कोटी डॉलरांची हानि होते, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. तिच्याच पुढाकारानें २०१६ सालीं झालेल्या अभ्यासांत, या विकारांच्या उपचारावर खर्चिलेल्या एका डॉलरामागें चार डॉलरांचें फळ मिळतें, असा हिशेब निघाला. आपल्या देशांत तर २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीप्रमाणें बहुसंख्य रुग्णांपर्यंत उपचार पोंचतच नाहींत. अशा स्थितींत अल्प मोलाचें साधन कोणास नको असेल?

परंतु वरील हिशेब उपचाराचा आहे, अॅप वाटल्याचा नव्हे. हा भेद महत्त्वाचा आहे. २०१९ सालच्या एका पाहणींत असें दिसून आलें कीं, अशीं अॅपें घेणाऱ्यांपैकीं पंधरा दिवसांनंतर तीं उघडणारे सर्वसाधारणपणें शेंकडा चारच उरतात. आतां शाळेंतील त्रैराशिकाप्रमाणें पाहूं. माणशीं १०० रुपये दरानें शंभर जणांसाठीं १०,००० रुपये दिले आणि चौघांनींच लाभ घेतला, तर खरा दर माणशीं २,५०० रुपये पडला. कागदावर स्वस्त दिसणारी वस्तु अशी महाग होते.

आमचा एक पुतण्या पुण्यांतील एका कंपनींत आहे. गतवर्षीं त्याची झोंप उडाली, अन्नावरची वासना गेली, तो घरांत कोणाशीं बोलेनासा झाला. कंपनीचें अॅप त्यानें आठ दिवस वापरलें व सोडून दिलें. कारण विचारतां म्हणाला, "काका, तें मला रोज विचारतें, आज कसें वाटतें? पण रात्रीं अकराच्या बैठकी तशाच चालू आहेत. शिवाय मीं लिहिलेलें साहेबांच्या कानावर गेलें तर?" पुढें कंपनीच्याच योजनेंतील एक समुपदेशक बाई दर आठवड्यास फोनवरून त्याच्याशीं बोलूं लागल्या. हें बोलणें गुप्त राहील, असा भरंवसा त्यांनीं प्रथम दिला. मग तेच धडे तो नेमानें करूं लागला. रात्रींच्या बैठकीहि आठवड्यांतून दोनांवर आल्या. दोन महिन्यांनीं तो पुन्हां पंक्तीस बसून हसूं लागला.

मार्गदर्शक माणूस पाठीशीं असला म्हणजे असे धडे अधिक गुणकारी होतात, असें संशोधनहि सांगतें. उलट, २०२४ सालीं प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील एका अभ्यासांत २३३ संस्थांतील ४६,३३६ नोकरांची माहिती तपासली असतां, अॅप, तणावनिवारणाचे वर्ग इत्यादि वैयक्तिक उपायांत भाग घेणारे इतरांहून अधिक सुखी आढळले नाहींत. एकाच वेळच्या माहितीवरून कार्यकारणभाव निश्चित होत नाहीं हें खरें. तथापि कामाचा भार तसाच ठेवून केवळ मनास धडे देणें म्हणजे गळक्या छपराखालीं रोज जमीन पुसण्यासारखें आहे, एवढें त्यावरून ध्यानांत यावें.

म्हणून मालकवर्गानें अॅप किती जणांस दिलें हें न मोजतां किती जणांस गुण आला तें मोजावें. समुपदेशकाचें वेतन, गुप्ततेची हमी आणि कामाचे आटोपशीर तास हीं खर्चाचीं कलमें खरीं. परंतु जमेची बाजू त्यांनींच भरते. कुटुंबांतील वडीलधाऱ्यांसहि आमचें सांगणें आहे. घरांतील मिळवतें माणूस अबोल झालें, तर त्यास आळशी वा तऱ्हेवाईक म्हणूं नये. जवळ बसून विचारावें. सरकारनें २०२२ सालीं सुरू केलेल्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य असून मराठींतूनहि बोलतां येतें. तो घरांतील सर्वांस ठाऊक असावा.