अकरा कोनांचा दोन रुपया

चिल्लरीच्या ढिगात हा लपत नाही. बाकीची मंडळी बहुतेक गोल. एकमेकांच्या अंगावरून सरकतात आणि गल्ल्यात झोपून राहतात. हा कोनावर अडतो, बोटाला टोचतो, न बघताही ओळखू येतो. अकरा बाजू, 6 ग्रॅम वजन, अंगात तांबं आणि निकेल. 1992पासून तो पडू लागला. पुढे सरकारने काटकसर केली, दोनाचं नाणं पोलादाचं आणि गोल झालं, आणि याची भरती थांबली. चाराणे 2011च्या जूनअखेर चलनातून गेले, तशी पाळी याच्यावर आली नाही. टांकसाळीने याला निवृत्त केलं, बाजाराने अजून केलेलं नाही.

चंद्रपुरात महाकालीची चैत्रातली यात्रा झाली की आजूबाजूच्या दुकानांचे गल्ले जड होतात. नांदेडकडून, तेलंगणातून भाविक येतात, नारळ-कुंकू घेतात आणि कनवटीची चिल्लर इथे सोडून जातात. सिरोंच्याला तर नदी ओलांडली की तेलंगणाच. भामरागड-एटापल्लीकडे मोबाइलची रेंज कधी असते, कधी नसते. आठवडी बाजारात टोपलीभर मोहफुलांचा हिशेब सुट्या पैशांवरच मिटतो. शहरात कुणाच्या डब्यात पडून राहिला असता तो हा गडी या मुलखात अजून हातोहात फिरतो.

त्याचा माग काढणारा माणूस दुकानात पाचशेची नोट ठेवतो आणि चिल्लरीची पिशवी मागतो.

"का जी, काहून लागते तुम्हाले एवढी चिल्लर?" दुकानदार विचारतो, पण पिशवी लगेच पुढे सरकवतो. त्याची तेवढीच जागा मोकळी होते.

घरी वर्तमानपत्रावर ढीग ओतला की आधी लोहचुंबक फिरतं. पोलादाची नाणी त्याला धावून चिकटतात. हा जागचा हलत नाही. मग भिंग. सालाच्या खाली याची जन्मखूण असते: मुंबईची चौकट, हैदराबादचा तारा, नोएडाचा ठिपका. कोलकात्याची तऱ्हा न्यारी, तिथल्या नाण्याला खूणच नाही. चैत्रात चंद्रपुरात सापडलेला ताऱ्यावाला थेट हैदराबादहून आला, असं समजायचं मात्र कारण नाही. खूण जन्मगाव सांगते. मधल्या वीस-तीस वर्षांत हा किती राज्यं हिंडला, ते झिजलेल्या कोनांवरून ज्याचं त्याने ताडावं.

चेहरेही अनेक. नेहमीचा म्हणजे भारताचा नकाशा आणि 'राष्ट्रीय एकता' ही अक्षरं. 1999मध्ये याच अकरा बाजूंत छत्रपती शिवाजी महाराज आले, 2002मध्ये तुकोबा, आणि मराठी माणसाचा हात तिथे थबकतोच. शेजारी भाऊबंद सापडतात: 1990चा डॉ. आंबेडकरांचा रुपया, 1999चा ज्ञानेश्वरांचा. नशीब जोरावर असलं तर 1985चा रुपया, सालाखाली इंग्रजी 'एच' असलेला. तो बर्मिंगहॅमच्या हीटन टांकसाळीत पडला; आपल्या टांकसाळी कमी पडल्या तेव्हा सरकारने परदेशातून नाणी पाडून आणली होती.

चांदी मात्र या ढिगात सापडत नाही. 1940मध्ये रुपयातली चांदी निम्म्यावर आली, 1947चा रुपया निकेलचा झाला. लोकांनी चांदीचे रुपये तेव्हाच वेगळे काढले. काही सोनाराच्या मुशीत गेले, काही गोंड-माडिया बायकांच्या गळ्यातल्या माळांत ओवले गेले. जे मौल्यवान ते चलनातून आपोआप निघून जातं. आपला अकरा कोनांचा गडी तगला, तो लोकांना त्यात मोल दिसलं नाही म्हणून.

जुनं नाणं द्या, लाखो रुपये घ्या, अशा जाहिराती मोबाइलवर येत असतात. आपल्या नावाने चालणाऱ्या या फसवणुकीबद्दल रिझर्व्ह बँकेने 2021मध्ये लोकांना सावध केलं. मुरलेला छंदी त्या वाटेला जात नाही. त्याच्या लेखी या खेळाची खुबी उलटीच आहे: दोन रुपयांत घेतलेला गडी दोन रुपयांतच परत देता येतो. शिकार हुकली तरी दमडीचं नुकसान नाही. गेला तो वेळ, आणि तो तर त्याला घालवायचाच होता. नाणेविक्याकडे हाच दोन रुपया चकचकीत, कागदी चौकटीत बसवलेला मिळतो. तो दुसऱ्याने शोधलेला असतो, त्यामुळे छंदीच्या हाताला काही कामच उरत नाही.

म्हणून एक साल, एक खूण जमली की त्याच साली-खुणेचा दुसरा, कितीही देखणा असला, तरी बाकी चिल्लरीबरोबर परत बाजारात जातो. एसटीत कंडक्टरने "सुटे द्या" म्हटलं की अख्ख्या गाडीत खिशात हात घालणारा प्रवासी तेवढा हा छंदीच.