पैसे बर्थचे, प्रवास पायी

पाय दुखत असते तर चारचौघांत सांगता तरी आलं असतं. दुखत नव्हते. रात्री आडवं झालं की पोटऱ्यांच्या आत वळवळ सुरू व्हायची. उठून चाललं की गायब. 'दिवसभर लूमपाशी उभा असतो, होणारच' हे निदान माझं मीच केलं. बायकोकडून पाय चेपून घ्यायचे आणि जेवणावर कडक चहा. तो चहा लोह अंगी लागू देत नाही, हे फार उशिरा कळलं.

सिद्धेश्वर एक्स्प्रेसने मुंबईला निघालो की दौंड येईपर्यंत मी दोन दारांमध्ये येरझारा घालत असे. पैसे बर्थचे, प्रवास पायी. अशाच एका सकाळी व्यापाऱ्यासमोर बसून मी ३० बाय ६०च्या टॉवेलची ऑर्डर २७ बाय ५४ अशी लिहून घेतली. सगळा लॉट परत आला. घरी सांगितलं, व्यापारी नडला.

स्वीडनच्या एकबोम नावाच्या डॉक्टरांनी १९४५मध्येच या दुखण्याला 'रेस्टलेस लेग्ज' म्हटलं होतं. मला ते नाव कळलं ते प्रॅमिपेक्सोलच्या चिठ्ठीबरोबर. पहिल्याच रात्री गाढ झोपलो. काही महिन्यांनी वळवळ परतली, तर अर्धी गोळी मीच वाढवली. मग आणखी अर्धी. रात्रीचं दुखणं दुपारी चारला येऊ लागलं, हातांतही उतरलं, आणि तरी मला वाटे की गोळी कमी पडतेय. गोळीनेच आजार चिघळतो, असंही होतं. डॉक्टरांना विचारलं असतं तर तेव्हाच कळलं असतं.

दुसऱ्या डॉक्टरांनी फेरिटिन, म्हणजे अंगातला लोहाचा साठा, तपासलं. ३० आलं. लॅबच्या कागदावर 'नॉर्मल'. ते म्हणाले, "या आजारात ७५पर्यंतही आम्ही लोह देतो. रक्त कुठून जातंय?" मी खिडकीकडे बघितलं. मूळव्याध होती, कित्येक वर्षांची. लाजेपायी कुणालाच सांगितली नव्हती.

गोळी हळूहळू उतरवली. ते आठवडे घरातल्या कुणीच विसरलेलं नाही. लोहाची बाटली शिरेतून चढवली, मूळव्याधीचं ऑपरेशन झालं. आता वळवळ अधूनमधून येते, विशेषतः सर्दीची गोळी घेतली की. तीही आता विचारूनच घेतो.

मूळव्याधीचं म्हणाल तर बायको ती आता आल्यागेल्याला चहाबरोबर सांगते.