जुन्या गाडीचे पाटे

ज्या घरांत जुनी मोटार आहे त्या घरांत दोन पक्ष हटकून असतात. एक ती विकावी म्हणणारा व दुसरा ती सुधारावी म्हणणारा. आमच्या घरीं पहिला पक्ष केव्हांच निष्प्रभ झाला. परंतु दुसऱ्या पक्षांत फूट पडली, आणि तीही स्प्रिंगांवरून व पाट्यांवरून, हें ऐकून वाचकांस हसूं येईल.

आमची गाडी प्रीमियर पद्मिनी. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनीं 1944 सालीं काढलेल्या कंपनीनें फियाटच्या इटालियन नमुन्यावरून ती कुर्ल्याच्या कारखान्यांत बनविली. तीर्थरूपांनीं नंबर लावून, वर्षानुवर्षें वाट पाहून, 1978 सालीं ती दाराशीं आणली. ते आज नाहींत. ऑक्टोबर 2023 च्या अखेरीस मुंबईच्या टॅक्सींतून पद्मिनी कायमची निवृत्त झाली, तेव्हां वर्तमानपत्रांतील तें चित्र मातोश्रींनीं कापून पोथींत ठेवलें. त्यांस ब्याऐंशी वर्षें झालीं; कंबरेस धक्का सोसत नाहीं; पण चतुर्थीस थेऊरला जावयाचें तें याच गाडींतून, असा हट्ट आहे. उलटपक्षीं आमची कन्या आतां गाडी चालवूं लागली आहे.

लोणी काळभोरावरून जाणारा सोलापूरचा हमरस्ता हा नवशिक्यांचा रस्ता नव्हे. येथें तेलकंपन्यांचे मोठाले साठे असल्यामुळें टँकरांची रीघ, हंगामांत उंसाच्या ट्रॉल्या, आणि वारीच्या दिवसांत तर तुकोबारायांच्या पालखीचा मुक्काम. अशा ठिकाणीं कोणी अकस्मात् आडवा आला व चाक फिरविलें, तर आमची गाडी आधीं एका अंगावर कलावयाची, मग विचार करावयाची आणि नंतर वळावयाची. "बाबा, हा विचार आपल्याला एक दिवस महागांत पडेल," असें कन्या म्हणे. तें खोटें नव्हतें.

तिनें सुचविलेला उपाय मात्र हल्लींच्या तरुणांचा : पुढच्या स्प्रिंगा कापून गाडी खालीं बसवावी. स्प्रिंगचे वेढे कमी केले कीं उरलेली स्प्रिंग अधिक ताठ होते. गाडी कमी कलते हें खरें. पण चाकास वरखालीं होण्यास जागा उरत नाहीं. खड्ड्यांत तें थेट बुडास आपटतें आणि तो आघात बसणाऱ्याच्या मणक्यापर्यंत पोंचतो. दुसरीही एक गोष्ट आहे. अमेरिकेंत जनरल मोटर्सच्या पदरीं असलेल्या मॉरिस ओले यांनीं 1930 नंतरच्या दशकांत दाखवून दिलें कीं, पुढच्या स्प्रिंगा मागच्यांहून मऊ असाव्या. म्हणजे खड्ड्यावर उशिरा येणाऱ्या मागच्या चाकांची उसळी पुढच्या उसळीस गांठते, आणि गाडी पाळण्यासारखी झुलत नाहीं. पुढच्या तेवढ्या कापल्या कीं हा हिशेबच उलटतो.

रस्त्यालगत एक वयस्क मिस्त्री आहेत. टेंपो दुरुस्त करण्यांत त्यांचा जन्म गेला. त्यांनीं गाडी उचलली, पुढचें चाक दोन्ही हातांनीं धरून हलविलें, आणि म्हणाले, "काका, गाडी मऊ न्हाई, ढिली झालीया."

या एका वाक्यानें वादाचें स्वरूप पालटलें. या गाडीचीं पुढचीं चाकें दोन-दोन भुजांवर स्वतंत्रपणें झुलतात; मागचीं एका आडव्या धुऱ्यास जखडलेलीं असून तो धुरा पाट्यांवर टेकलेला असतो. भुजांच्या सांध्यांतील रबरी बूश चुरून गेले होते, किंगपिन झिजले होते. म्हणून स्टिअरिंग फिरे आणि चाक मागाहून येई. शॉकअपचें इंग्रजी नांवच मोठें फसवें! धक्का सोसते ती स्प्रिंग. हें नळकांडें आंतील तेलाच्या प्रतिकारानें स्प्रिंगची उसळी शमवितें. तें मेलें कीं गाडी एका खड्ड्यास तीन वेळां नमस्कार करते. आमचीं चारही मेलेलीं निघालीं. पाटे गंजून एकमेकांस चिकटले होते, एकास चीर होती. म्हणजे एकच गाडी वळणावर सैल आणि खड्ड्यांत कठीण, अशी दोन्हींकडून वाईट झाली होती.

किंगपिन, बूश, शॉकअप नवे घातले. पाटे सुटे करून घासले, चिरलेला बदलला, बाकीच्यांस ग्रीस लावलें. स्प्रिंगांस हात लावला नाहीं. टायर रेडियल घेतले, आणि चारही एकदम. पुढें रेडियल व मागें जुन्या धर्तीचे ठेवण्याची काटकसर जिवावर बेतते. पुढचीं चाकें वळणास धरून राहतात आणि मागचीं सुटतात.

चतुर्थीस कन्येनें गाडी थेऊरपर्यंत नेली. गाडी अजूनही कलते, पण आतां लगेच ऐकते. मातोश्री मागें बसल्या होत्या. परततांना एवढेंच म्हणाल्या, "अरे, हे होते तेव्हां अशीच चालायची." कन्येनें आरशांतून आमच्याकडे पाहिलें, आम्ही बाहेर पाहत राहिलों.

आतां तिनें ब्रेकांचा विषय काढला आहे. चारही चाकांस ड्रम आहेत. पुढें डिस्क बसवाव्या असें तिचें मत. मिस्त्रींनीं मान डोलावली आहे, आणि या खेपेस मातोश्रीही तिच्याच पक्षांत आहेत.