समुद्रावरचा गुन्हा कुणाचा?

ऑक्टोबर 1999. 'अलोन्ड्रा रेनबो' हे जहाज अॅल्युमिनियम घेऊन इंडोनेशियाहून जपानला निघालं होतं. चाच्यांनी ते पळवलं आणि 17 खलाशांना तराफ्यावर सोडून दिलं. जहाजाला नवं नाव देऊन ते अरबी समुद्रात आले. तिथे भारतीय तटरक्षक दल आणि नौदलाने त्यांना पकडून मुंबईला आणलं.

मालक जपानी, झेंडा पनामाचा, आरोपी इंडोनेशियन. मग खटला मुंबईत कसा?

याचं उत्तर जुनं आहे. चाचे म्हणजे सगळ्यांचेच शत्रू, असं रोमन वक्ता सिसेरोने म्हटलं होतं. 1982 च्या संयुक्त राष्ट्रांच्या सागरी करारानुसारही खुल्या समुद्रात कोणताही देश चाच्यांना पकडू शकतो, आपल्या न्यायालयात उभं करू शकतो.

'शकतो' म्हणजे करायलाच हवं असं नाही. ऑफिसात ज्या बगमध्ये पाच टीम टॅग केलेल्या असतात, तोच सगळ्यात जास्त दिवस पडून राहतो. माझा मामेभाऊ मर्चंट नेव्हीत आहे. त्याचं जहाज एडनच्या आखातात शिरलं, की मामी देवापाशी दिवा लावते आणि मी हा 'शकतो' आठवत बसतो.

मुंबईत तेच आडवं आलं. आपल्या दंडसंहितेत चाचेगिरी नावाचा गुन्हाच नव्हता. दरोड्यासारखी कलमं लावावी लागली. 2003 मध्ये सत्र न्यायालयाने सात वर्षांची शिक्षा दिली. 2005 मध्ये उच्च न्यायालयाने आरोपींना सोडलं.

शिवाय चाचा कुणाला म्हणायचं? इंग्रजांच्या कागदांत कान्होजी आंग्रे चाचे होते. मराठ्यांच्या लेखी ते सरखेल, आरमाराचे प्रमुख. त्यांचं दस्तक न घेणारं जहाज ते अडवत. आजच्या करारात म्हणूनच व्याख्या बांधलेली आहे: खासगी जहाजावरच्या लोकांनी, खासगी हेतूने, खुल्या समुद्रात दुसऱ्या जहाजावर केलेली हिंसा किंवा लूट.

भारताने चाचेगिरीविरोधी स्वतंत्र कायदा संसदेत मंजूर केला तो डिसेंबर 2022 मध्ये. मार्च 2024 मध्ये नौदलाने 'रुएन' हे माल्टाचा झेंडा असलेलं जहाज सोडवलं. त्यावरही 17 खलाशी होते. आयएनएस कोलकाता 35 सोमाली चाच्यांना घेऊन मुंबईला आली, तेव्हा पोलिसांना कलम शोधत बसावं लागलं नाही.