सही जुळत नाही

चेक परत आला. कारण लिहिलेलं: सही जुळत नाही. बाईंनी तो चष्म्याजवळ धरून पाहिला. नाव त्यांचंच, वळणही त्यांचंच. पण कुणीतरी त्यांची सही समोर ठेवून गिरवावी तसं.

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्यावर जीबीएसचे रुग्ण एकामागून एक निघाले, त्यात या निवृत्त शिक्षिका होत्या. शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच नसांवर उलटते, असा हा आजार. पायांतून सुरू झालेला अशक्तपणा हातांपर्यंत चढला. इम्युनोग्लोब्युलिन दिलं, हळूहळू चालणं आलं, जाडजूड का होईना पोळ्याही जमू लागल्या. बोटं मात्र मागे राहिली. फिजिओथेरपीवाली मुलगी कपड्यांचे चिमटे लावायला देते, तांदळातून राजमा वेचायला लावते. बाई कुरकुरत करतात.

"अंगठा लावा ना काकू, एवढं काय!" बँकेतला पोरगा म्हणाला. नियमाने तो बरोबरच होता. आजारी खातेदाराला सही जमत नसेल तर हाताचा, अगदी पायाचाही अंगठा चालतो. दोन साक्षीदार लागतात, त्यातला एक बँकेचा. पण ते 'एवढं काय' बाईंना अजून खुपतंय.

त्याला कारण आजी. सातारा जिल्ह्यात १९५९ मध्ये ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली आणि कंदिलाच्या उजेडात आजी नाव लिहायला शिकली. नावापुरतंच. त्यानंतर तिने अंगठा निळा होऊ दिला नाही. मुंबईहून मनिऑर्डर आली की पोस्टमन शाईचं पॅड उघडून उभा, आणि आजी उंबऱ्यात फतकल मारून अक्षर अक्षर लिहितेय, राहिलेला काना द्यायला मागे येतेय. "घाई हाय तर बस की खाली!"

आणि हे अंगठ्याचं खूळ आलं कुठून? १८५८ मध्ये बंगालात जंगीपूरला विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्याने रस्त्याच्या मालाच्या करारावर राज्यधर कोनाई या ठेकेदाराच्या अख्ख्या पंजाचा ठसा घेतला. पुढे त्याने सही नाकारू नये, म्हणून. म्हणजे साहेबाचा भरवसा सहीवर नव्हताच. आजीला हे सांगितलं असतं, तर साहेबाचाही उद्धार झाला असता.

हस्ताक्षरतज्ज्ञ खोटी सही ओळखतात ती तिच्या संथपणावरून: थरथरती रेघ, नको तिथे उचललेलं पेन. खरी सही बेफिकीर असते. बाईंना हे शास्त्र न शिकता ठाऊक होतं, कारण उभी हयात प्रगतिपुस्तकं तपासण्यात गेली. आता त्यांचीच सही त्या खुणांनी भरलेली.

त्यांच्या वर्गातल्या एका मुलाचा बाप मुंबईत माथाडी कामगार होता. बापाची सही दर चाचणीला मुलगाच करायचा, जीभ बाहेर काढून केल्यासारखी कोरीव. बाई बोलल्या नाहीत. जत्रेला बाप गावी आला, हौसेने शाळेत आला आणि त्याने खिशातलं पेन काढून झर्रकन सही ठोकली. ती वरच्या एकाही सहीशी जुळेना. पोराचा चेहरा उतरला. बाईंनी पुस्तक मिटलं आणि म्हणाल्या, "गणितात कच्चा आहे. तेवढं बघा."