छताचं कापड

गाडीच्या छताचं आतलं कापड सुटायला लागतं ते बहुधा मागच्या काचेकडून. आमच्याही गाडीचं तसंच झालं. आधी वाटीएवढा फुगा आला, मग तो सरकत सरकत दिव्यापर्यंत पोचला आणि एका उन्हाळ्यात सगळं कापड मांडवासारखं खाली लोंबायला लागलं. आरशात मागचा रस्ता दिसेना, नुसतं राखाडी कापड दिसायचं. धाराशिवहून तुळजापूरला देवीला निघालो की आई मागच्या सीटवरून म्हणायची, “पदर घ्यायची गरजच न्हाई आता, गाडीच देतीय डोक्यावरून.” गाडी कुठल्या कंपनीची ते सांगत नाही, कारण हा रोग एकट्या तिचा नव्हे. दहा-बारा उन्हाळे काढलेल्या बऱ्याच गाड्यांचं असंच होतं.

तात्पुरते उपाय सगळे करून झाले. घरातल्या टाचण्या झाल्या, शाळेतला स्टेपलर झाला. एकाने इंजेक्शनच्या सुईने कापडाच्या आत पांढरा फेविकॉल सोडायला सांगितलं. ते करण्याआधी सहज म्हणून गाडी ओळखीच्या कुशनवाल्या चाचांना दाखवली. आयुष्यभर जीप-ट्रॅक्टरच्या सीटा शिवलेला माणूस. त्यांनी लोंबणारं कापड चिमटीत धरून चोळलं. पिवळट भुसा त्यांच्या मनगटावर पडला.

“सर, कापडाला कशाला नावं ठेवता? कापड चांगलंय. आतला फोम मेलाय. आता कुठलं बी सोल्युशन लावा, ते मेलेल्या फोमलाच चिकटणार.”

सगळं मर्म यातच होतं. छत म्हणजे पत्र्याखाली बसवलेला साच्यातला पुठ्ठ्यासारखा बोर्ड, त्यावर दोन-तीन मिलिमीटरचा फोम आणि फोमला चिकटलेलं पातळ कापड. फोम पॉलियुरेथेनचा. हा पदार्थ १९३७ मध्ये जर्मनीत ओट्टो बायर यांनी शोधला आणि पुढे गादीपासून बुटापर्यंत सगळीकडे शिरला. उष्णता आणि हवेतला ओलावा त्याला हळूहळू आतून तोडतात. ठेवणीतले स्पोर्ट शूज चार-पाच वर्षांनी लग्नाला म्हणून काढावेत आणि मांडवातच तळवा तुकड्या-तुकड्याने गळून पडावा, हा अनुभव अनेकांना असेल. त्यामागचं कारण हेच. त्यात आमचा बालाघाटाच्या माथ्यावरचा मुलूख. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो, गाडी दिवसभर शाळेच्या आवारात उन्हात उभी. बंद गाडीत हवा पन्नास अंशांच्या वर जाते आणि छताचा पत्रा तर त्याहून तापतो. त्याला सगळ्यात जवळ असतो तो हा फोम.

चाचांचा खांदा आता वर जात नाही, म्हणून काम त्यांनी घेतलं नाही. पण “घरीच करा, मी सांगतो” म्हणाले. शहरात दुसरीकडे विचारलं तर मजुरी कापडाच्या कितीतरी पट. मग दिवाळीनंतर काम काढलं. हा मुहूर्तही त्यांचाच. उन्हाळ्यात सोल्युशन हात फिरवायच्या आत वाळतं आणि पावसाळ्यात हवेतला दमटपणा पकड येऊ देत नाही. कापड सोलापुरातून आणलं, मागे फोम लावलेलं. नुसतं कापड आणू नका, असं त्यांनी बजावलं होतं. त्यातून सोल्युशन बाहेर फुटतं आणि बोर्डाचा प्रत्येक खड्डा वरून दिसतो.

छत उतरवणं वाटतं तेवढं अवघड नाही. आधी बॅटरीची तार काढायची. मग सनव्हायझर, आतला दिवा, धरायचे हँडल, दारांवरची रबरी बीडिंग, खांबांवरची प्लास्टिकं. शेवटी मागच्या क्लिपा. त्या उन्हाने कडक झालेल्या असतात, दोन-चार मोडतातच. पुढच्या सीटा पूर्ण आडव्या पाडल्या, मी आणि मुलगा दोन टोकांना, आणि बोर्ड डिकीतून बाहेर काढला. तो वाकवायचा नाही. एकदा मोडला की ती घडी नव्या कापडातूनही दिसते.

बोर्ड अंगणात दोन बाजांवर पालथा घातला आणि जुनं कापड ओढलं. ते एका झटक्यात सालासारखं निघून आलं. मागे राहिला फोमचा थर. खरं काम इथून पुढे. वरचा भाग हाताने चोळला की भुसा होऊन उडतो, पण सोल्युशनला लागून असलेला भाग चिकट, काकवीच्या रंगाचा असतो, तो नखात बसतो. तारेचा ब्रश चालत नाही, बोर्डाची लव उपटून येते. कपडे धुवायचा ब्रश घेऊन एका दिशेने, हलक्या हाताने घासत राहायचं. तोंडाला रुमाल, डोक्याला टॉवेल बांधूनही संध्याकाळी कानातून पिवळी पूड निघत होती. दिव्याच्या खोबणीत आणि सनव्हायझरच्या खळग्यात ब्रश पोचत नाही, तिथे जुना टूथब्रश लागला. बायको अधूनमधून येऊन तळहात फिरवून बघायची आणि “अहो, इथं अजून लागतंय हाताला” म्हणून जायची. तिचा हात जिथे अडला तिथे पुन्हा घासलं. जुना फोम राहील तिथे नवं कापड वर्षा-दोन वर्षांत सुटणार, हे चाचांचं वाक्य डोक्यात होतं.

त्या मानाने चिकटवणं सोपं. पांढरा फेविकॉल नाही, कुशनवाले वापरतात ते पिवळं रबरी सोल्युशन, तेही उष्णता सोसणारं. उघड्यावरच लावायचं, वास डोक्यात जातो आणि ते पेट घेतं, त्यामुळे जवळ चूल, बिडी काही नको. कापड बोर्डावर पसरून अर्धं दुमडलं. उघड्या अर्ध्या बोर्डाला आणि कापडाच्या फोमला, दोन्हीकडे पातळ हात दिला. बोटाला चिकटेल पण बोटावर येणार नाही इतकं वाळू दिलं. मग मधून कडेला, तळहाताने. खळग्यात कापड ताणायचं नाही, आत ढकलत न्यायचं. ताणलेलं कापड खळग्यावर पुलासारखं उभं राहतं आणि पहिल्या उन्हात सुटतं. चाचा खुर्ची टाकून बसले होते. मुलाने जोर लावला की, “बाळा, कणीक नाही ती, लाड कर” असं म्हणायचे. पुढचं अर्धं झालं, मग मागचं. कडेने चार बोटं जास्त ठेवलेलं कापड मागे वळवून चिकटवलं. दिव्याची आणि हँडलची भोकं मागून चिरली. रात्रभर तसंच राहू दिलं आणि दुसऱ्या दिवशी उलट क्रमाने गाडीत चढवलं.

अँबेसेडर, पद्मिनीच्या जमान्यात तारांच्या कमानींवर कापड किंवा रेक्झिन ताणून शिवलेलं असायचं. तिथे मरायला फोमच नव्हता. नवी पद्धत कारखान्याला सोयीची. गाडी जुनी झाल्यावरचं निस्तरणं मात्र मालकाकडे.

हे काम घरी होतं, त्याला कसब कमी आणि चिकाटी जास्त लागते, असं माझं मत झालं आहे. आमचं छत त्यानंतरच्या उन्हाळ्यातून सुखरूप निघालं. मात्र करायच्या आधी खांबांवरची प्लास्टिकं नीट बघा. त्यावर एअरबॅग असं कोरलेलं असेल तर छताच्या कडेने पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग आत घडी करून ठेवलेली असते. अशा गाडीला घरी हात लावू नका, ती माहीतगार माणसाकडेच द्या.